पोराला शाळेत पाठवलं म्हणून दंड: आमच्या गावच्या शाळा बचाव कृती समितीला खुलं पत्र

शाळा बचाव कृती समितीचे सर्व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती, दोन्ही तरुण मंडळांची पोरं आणि गावकरी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या फाटकाला कुलूप लागून आज अकरा दिवस झाले. मागणी काय आहे हे गावात कुणाला सांगायची गरज नाही. पहिली ते चौथीचे त्रेचाळीस विद्यार्थी, मंजूर शिक्षक दोन, आणि जूनपासून शिकवायला एकट्या बाई. दुसरे गुरुजी बदली होऊन गेले ते गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मागणी शंभर टक्के खरी आहे. निवेदनावर माझीही सही आहे आणि ती मी मागे घेत नाही. हे पत्र मागणीच्या विरोधात नाही. आधीच सांगते, कारण माझ्याबद्दल "बाई फुटल्या" असं परवा पारावर कुणी बोलल्याचं माझ्या कानावर आलंय.

याच शाळेत मी एकोणीस वर्षं शिकवलं. कृती समितीतल्या पंधरा जणांपैकी सहा जणांचा हात धरून मी पाटीवर 'ग म भ न' गिरवून घेतलंय. म्हणून हे हक्कानं लिहितेय. तोंडावर बोलायचा प्रयत्न दोनदा केला, एकदा तालमीच्या दारात आणि एकदा दूध संस्थेत. दोन्ही वेळा एकच ऐकलं, "बाई, तुम्ही ह्यात पडू नका, तुमचा मान हाय." मान ठेवायचा असेल तर हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

कुलूप लागलं त्या दिवशी सकाळी मी तिथं होते. सव्वानऊला पोरं मोटरसायकलवरून आली, घोषणा झाल्या, पाण्याच्या टाकीचं मोठं कुलूप आणून फाटकाला घातलं, फोटो काढले आणि दहाच्या आत सगळे आपापल्या कामाला गेले. मग फाटकाशी कोण उरलं, हे तुमच्यापैकी कुणी बघितलं नाही. आहार शिजवणाऱ्या अक्का उरल्या. आदल्या दिवशी त्यांनी दोन डब्यांत मटकी भिजत घातली होती, ती आतच राहिली. गजांना धरून त्या आत बघत होत्या. "बाई, उपसून तरी ठेवू द्या म्हणावं," एवढंच त्या म्हणाल्या. कुणाला म्हणायचं? पाचव्या दिवशी कुंपणाकडेनं जाताना आंबलेल्या मटकीचा वास येत होता.

आणि एक मुलगी उरली. भोगावती नदीच्या काठाला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडल्यात, तिथली. बीडकडून आलेली, आठ-नऊ वर्षांची. एका हातात पाटी, दुसऱ्या हाताला धाकटा भाऊ. शाळा बंद आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर गेला, आणि तिचे आई-बाप पहाटे चारला फडात जातात. दिवाळीनंतर शाळेतल्या आत्ताच्या बाईंनी कोप्यांवर सहा-सात हेलपाटे मारले, गाव सोडून आलेल्या पोरांना मिळणारी शिक्षण हमी कार्डं बघितली, आया-बापांची समजूत काढली, तेव्हा कुठं तिथली सात पोरं शाळेत यायला लागली. ती मुलगी अकरा वाजेपर्यंत उभी होती. शेवटी मीच तिला म्हटलं, आज शाळा नाही बाळा. तिनं विचारलं, "मग उद्या?" मला उत्तर देता आलं नाही. ऊसतोडीच्या पोरांची शाळा वर्षातून चार महिने, त्यातले अकरा दिवस आपण घेतले. जिल्हा परिषदेच्या साहेबांचं यात काय गेलं?

आता ठरावाकडे येते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. या कायद्यानं प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. आपल्याकडेही कागदावर तसंच आहे. पण शाळा बंद ठेवायचा ठराव झाला तालमीत, रात्री नऊनंतर. तालमीत बायका जात नाहीत हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी वही घरोघरी फिरली आणि चुलीपाशी सह्या घेतल्या. त्यातल्या तिघींनी मला स्वतः सांगितलं, की शिक्षक मिळावा म्हणून सही आहे असं त्यांना वाटलं होतं. ज्यांची पोरं त्या वर्गात बसतात, त्यांना 'कुलूप घालायचं का' असं कुणी विचारलंच नाही. एक गोष्ट नाइलाजानं लिहिते. कृती समितीतल्या पंधरा जणांपैकी चौघांचीच पोरं या शाळेत आहेत. बाकीच्यांची पिवळ्या गाडीनं इंग्रजी शाळेला जातात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ज्याला जिथं घालावंसं वाटतं तिथं त्यानं घालावं. पण ती पिवळी गाडी या अकरा दिवसांत एकदाही चुकली नाही, आणि कुलूप घालताना फाटकापलीकडच्या पोरांच्या आयांना बोलवावं एवढी तरी चाड असायला हवी होती.

आणि मग दंड. कुलूप लागल्यावर शाळेतल्या बाई दुसरीकडं वर्ग घ्यायला लागल्या होत्या. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून पुकारलं तेव्हा मी अंगणात तुळशीला पाणी घालत होते. "जो पालक आंदोलन मोडून पोराला बाईंकडं धाडेल त्याला पाचशे एक रुपये दंड, आणि गावानं त्याच्याशी संबंध ठेवायचे नाहीत." हातातला तांब्या मी खाली ठेवला. करवीर तालुक्यात, कोल्हापूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर, पोराला शिकायला पाठवलं म्हणून दंड.

दंड आपल्या मुलखाला नवा नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा त्या कायद्यात दंड होता. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आई-बापाला महिन्याला एक रुपया. त्या काळचा रुपया म्हणजे गरिबाच्या घरातली मोठी रक्कम, तरी महाराजांनी तो लावला, कारण पोर शेतात राखणीला बसलं तर जन्मभर राखणच करील हे त्यांना दिसत होतं. त्या कायद्याखालची पहिली शाळा ४ मार्च १९१८ ला भरली ती आपल्याच करवीरात, चिखलीला. आपल्या गावातल्या किती जणांच्या सोयरिकी त्या गावात आहेत! २०२२ साली ६ मे ला, महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. आपल्या चौकातही ट्रॅक्टर थांबले, दुधाची गाडी थांबली. तुम्हीच ते थांबवले होते, रस्त्यात हात आडवे करून. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता. त्याच हातांनी तुम्ही महाराजांचा दंड उलटा करून ठेवलात, याचं दुःख किती झालं ते कागदावर लिहिता येत नाही.

कुलूप लागल्यावर बाईंना हजेरी तर भरायलाच हवी होती. कुठं बसणार? बौद्धवाड्यातल्या मंडळींनी समाजमंदिर उघडून दिलं. तिथं रोज अकरा-बारा पोरं येतात. कोपीवरची सात, वाड्यातली चार आणि आपल्या आळीतलं एक. बाकीची एकतीस-बत्तीस पोरं गावात गोट्या खेळत फिरतात किंवा मोबाइल बघत बसतात. हे चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सगळी पोरं एकाच शाळेत बसतील असा हुकूम काढला. शंभर वर्षं उलटल्यावर आपल्या गावात पुन्हा एक वेगळी शाळा भरतेय. तुमच्यापैकी कुणी हे ठरवून केलं नाही, याची मला खात्री आहे. पण झालंय हे असं. आणि पहिल्या दिवशी समाजमंदिराच्या पायरीवर चढताना आपल्या आळीतल्या त्या पोराची आई दोनदा मागं वळून बघत होती, हेही मी पाहिलंय.

त्या घराबद्दल लिहायलाच हवं. नवरा एमआयडीसीत पाळीवर, बायको दिवसभर भांगलणीला. घरात म्हातारं माणूस नाही. सात वर्षांच्या पोराला दिवसभर सोडायचं कुठं? म्हणून तिनं त्याला बाईंकडे पाठवलं. आंदोलन मोडायचा विचारही तिच्या मनात नव्हता. तिचं दूध संस्थेत सगळ्यात शेवटी मोजून घ्यायला लागले. गिरणीवाल्यानं दळण ठेवून घेतलं, पण दोन दिवस दळलं नाही. आणि संक्रांतीला... बायांनो, हे तुम्हालाच उद्देशून लिहितेय, पुरुषांना यातलं काही ठाऊक नसेल. तिनं सुगडं पुजली, वाण म्हणून प्लास्टिकचे छोटे डबे आणून ठेवले, दारात रांगोळी काढली. संध्याकाळी तिच्या दारावरून बायांचा घोळका पुढे गेला. कुणी आत आलं नाही. मी रात्री आठला तिच्याकडे गेले तेव्हा ते डबे तसेच ओळीत मांडलेले होते, प्रत्येक डब्यावर तिळगुळाची पुडी. पोरगं त्यातली एक पुडी उघडून खात होतं आणि आई त्याला रागवतही नव्हती. पाचशे एक रुपये तिनं दुसऱ्या दिवशी भरले. पावती मिळाली नाही.

याला सामाजिक बहिष्कार म्हणतात. महाराष्ट्रानं त्याविरुद्ध २०१६ साली कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी पोलिसांत जाणार नाही, तीही जाणार नाही. तिला याच गावात राहायचंय. पण भोंग्यावरून जे बोललं गेलं ते कोणत्या कलमात बसतं, हे तुम्हाला ठाऊक असावं.

ठरावात केवढी ताकद असते हे कोल्हापूर जिल्ह्याला सांगायला नको. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. एका गावच्या ग्रामसभेचा ठराव, आणि शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींना सांगितलं, यांच्यासारखं करा. गावानं बाहेर काढलेल्या बाईला त्या ठरावानं परत आत घेतलं. आपला ठराव आत असलेल्या बाईला बाहेर काढणारा झाला.

बाईंच्या बाबतीत जे झालं तेही लिहिते, थोडक्यात, कारण त्याची मला लाज वाटते. त्यांच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली. त्यांचा फोटो गटावर टाकून खाली नको ते लिहिलं. दुसरं पद रिकामं ठेवलं ते बाईंनी नव्हे. जूनपासून चार वर्ग एका फळ्यावर त्या एकट्या ओढतात. वरून ऑनलाइन माहिती भरायची, बैठकांना जायचं, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतात. बाईंवर काय काय लादलं जातं, ते एकदा त्यांच्यासमोर बसून लिहून काढा. तुमच्या निवेदनात ते यायला हवं होतं. हवा सोडली त्या दिवशी त्या साडेतीन किलोमीटर गाडी ढकलत फाट्यापर्यंत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या.

तुम्ही म्हणाल, बाई, निवेदनं देऊन काय झालं? सहा महिने दिलीच की. खरं आहे. पण कुणाकुणाला दिली? एक पालकमंत्र्यांच्या सत्कारात हारासोबत, एक आमदारांच्या गाडीच्या काचेतून, एक पंचायत समितीत, त्याची पोच कुणाकडेच नाही. कायद्याचं २६ वं कलम सांगतं, शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. आपल्याकडे दोनात एक, म्हणजे निम्मी रिक्त. ३२ वं कलम सांगतं, मुलाच्या हक्काबद्दल स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार केली तर दोन्ही बाजूंचं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. जुलैत ही तक्रार केली असती तर ऑक्टोबरात निर्णय हातात असता. आपण केलेली नाही. यात मीही दोषी आहे. मला हे कलम माहीत होतं आणि 'समिती बघतेय ना' म्हणून मी गप्प बसले.

आंदोलन करू नका असं मी म्हणत नाही. कोल्हापूरकराला ते सांगून कोण ऐकणार? कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी तुम्ही सगळे होता. ऐंशी पार केलेले शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर रस्त्यावर बसलेले मी पाहिलेत, थकलेले, आधारानं चालणारे. त्या आंदोलनातही नाके पेटले, तोडफोड झाली, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण टोल गेला तो वर्षानुवर्षं माणसं उठून परत परत येत राहिली म्हणून. आया आल्या, पेन्शनर आले, तालमी आल्या, वेगवेगळ्या पक्षांचे झेंडे एकत्र आले. मोठी माणसं आपल्या अंगावर ऊन घेत होती. आपल्या आंदोलनात ऊन कुणाच्या अंगावर आलंय? फाटकाशी उभ्या राहिलेल्या त्या पोरीच्या.

आता पुढच्या आठवड्यात जिल्हा परिषदेच्या दारात 'शाळा भरवायची' असं तुमच्यात चाललंय. ही जुनी रीत आहे आणि कुलपापेक्षा मला ती बरी वाटते, निदान तिथं पोरं एकत्र बसतात. पण न्यायचीच असतील तर आयांना विचारून न्या, सोबत आया असू द्या. सावली, पाणी आणि बायांच्या लघवीची सोय आधी बघून या. पोरांच्या तोंडी 'मुर्दाबाद' घालू नका, त्यांना पाढे म्हणू द्या. कोपीवरच्या पोरांनाही न्या. तासाभरात पोरांना परत पाठवा आणि मग तुम्ही बसा, हवे तितके दिवस. मी तुमच्यासोबत बसेन. गुडघे दुखतात, खुर्ची घेऊन येईन.

शिक्षक मिळेपर्यंत वर्गणी काढून गावातल्या डीएड झालेल्या मुलीला शिकवायला ठेवायचं, असंही एक जण म्हणाला. महिना-दोन महिने चालेल. पण तो खर्च गावानं का केला हे त्या लेखी तक्रारीत घाला, नाहीतर गाव भागवून घेतंय म्हणून ते पद कायमचंच रिकामं राहील.

माझं मागणं एवढंच आहे. भोंग्यावरून जो दंड पुकारला तो भोंग्यावरूनच मागे घ्या. पाचशे एक रुपये त्या घरी नेऊन द्या, पोराच्या हातात नको, तिच्या हातात द्या, आणि नेणाऱ्यांत निदान दोन बायका असाव्यात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हे नोंदवून घ्या. व्यवस्थापन समितीची बैठक इथून पुढे शाळेत, दिवसा घ्या. बाईंना एकदा सगळ्यांनी मिळून भेटा. बायांनो, हळदी-कुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. अजून वेळ गेलेली नाही.

३२ व्या कलमाखालची तक्रार मी लिहून तयार ठेवली आहे, तीन प्रतींत. पालकांच्या सह्यांसाठी जागा सोडलीय, आधी आयांच्या, मग बापांच्या. उद्या सकाळी साडेदहाला ती घेऊन मी शाळेच्या फाटकाशी असेन. कुलपाची किल्ली पाणी सोडणाऱ्या पोराच्या कमरेला असते हे मला माहीत आहे. तो माझ्याच वर्गात होता आणि त्यानं आजवर माझा शब्द मोडलेला नाही. तरी तुम्हाला न विचारता मी त्याच्याकडे किल्ली मागणार नाही. तुम्हीच ती घेऊन या. कोपीवर निरोप द्यायला मी आज संध्याकाळी स्वतः जातेय. अक्कांनी रात्री त्यांच्या घरी मटकी भिजत घालायचं कबूल केलंय, पन्नास पोरांची.

तुमच्या बाई
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ता. करवीर, जि. कोल्हापूर)